हरिश्चंद्रगडाची टोपोशीट कशी वाचायची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत बरोबर आहे ना ते तुम्हाला ताडून बघता येईल. डिसेंबरात तुम्ही चौघं खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर जाणार आहात. वर रेंज नसते असं ऐकल्यामुळे एका मित्राकडून सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटची, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या सविस्तर नकाशाची, पीडीएफ मिळवलीत आणि ऑफिसातल्या प्रिंटरवर ए-फोर कागदावर काळी-पांढरी प्रिंट काढलीत. आता त्यातली बरीचशी चिन्हं लागत नाहीत. फूटपट्टीनं अंतर मोजलं तर लोक सांगतात त्याच्या निम्मंही भरत नाही. घाटमाथ्याच्या धारेवरून एक टिंब-रेघ, टिंब-रेघ अशी रेषा जाते, ती गडाची वाट आहे का, हा मुख्य प्रश्न. सगळी चिन्हं पाठ केली की काम भागेल का, हा दुसरा. शिवाय पाणी, '१२ आर' हा आकडा, शीट शोधणं, तलाठ्याकडचा नकाशा, लागणारा वेळ आणि उतरायची नळीची वाट, असे काही लहान प्रश्न.

मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी, कारण त्यात जिवाशी गाठ आहे. ती रेषा वाट नाही, जिल्ह्याची हद्द आहे. हरिश्चंद्रगडाच्या भोवती तीन जिल्हे भेटतात. गड अकोले तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यात. खिरेश्वर जुन्नर तालुक्यात, म्हणजे पुणे जिल्हा. आणि कोकणकड्याच्या, म्हणजे गडाच्या पश्चिमेच्या उभ्या कड्याच्या, पायथ्याचा मुलूख मुरबाड तालुक्यातला, ठाणे जिल्हा. आपल्याकडे हद्दी बऱ्याचदा डोंगराच्या धारेनंच आखलेल्या असतात, आणि इथली धार म्हणजे सह्याद्रीचा कडा. ती रेषा धरून चालत सुटलात तर दरीच्या तोंडाशी पोहोचाल. टोपोशीटवर हद्द काळ्या शाईत असते आणि पायवाट तुटक लाल रेषेत. रंगीत कागदावर हा घोटाळा होतच नाही. काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये दोन्ही सारख्याच दिसतात. तेव्हा पहिलं काम म्हणजे ती प्रिंट बाजूला ठेवा.

अंतर कमी येण्याचं कारणही तीच प्रिंट. तुमची शीट १:५०,००० प्रमाणाची आहे, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. अशी एक शीट १५ मिनिटं अक्षांश आणि १५ मिनिटं रेखांश एवढा प्रदेश दाखवते. आपल्या भागात ते उभं साधारण २७-२८ किलोमीटर आणि आडवं २६ किलोमीटर भरतं. म्हणजे मूळ कागदावर नुसता नकाशाच पंचावन्न सेंटिमीटर उंच असतो. तो प्रिंटरनं 'फिट टू पेज' करून ए-फोरमध्ये कोंबला की निम्म्याहून लहान होतो. कोपऱ्यात १:५०,००० छापलेलंच राहतं, पण ते आता खोटं असतं. खरी राहते ती तळाची रेषाप्रमाणाची पट्टी, कारण नकाशा आक्रसला की तीही तेवढीच आक्रसते. म्हणून अंतर नेहमी त्या पट्टीवर मोजा. एक दोरा घ्या, वाटेच्या वळणांवरून बसवत न्या आणि मग तो पट्टीवर धरा. प्रिंट पुन्हा काढायची तर आपल्याला लागणारा तुकडाच 'ॲक्चुअल साइज'ला रंगीत काढा. हरिश्चंद्रगडाचा अख्खा परिसर ए-थ्रीवर आरामात मावतो. तुकडा कापताना तळची पट्टी आणि चिन्हांची यादी वेगळी काढून मागच्या बाजूला चिकटवा. बहुतेक लोक नेमकं तेच कापून टाकतात.

आता पाठांतराचं. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेसाठी मुलं ही चिन्हं घोकतात, गुणही मिळवतात, आणि त्यांनाच डोंगरात नेऊन 'आपण कुठे आहोत?' विचारलं की कागद उलटासुलटा करत राहतात. चिन्हांची यादी शीटच्या तळाला छापलेलीच असते, ती लागेल तेव्हा बघता येते. डोक्यात बसवायचे ते रंग. तपकिरी म्हणजे जमिनीचा चढउतार. निळं म्हणजे पाणी. हिरवं म्हणजे झाडी, पिवळं म्हणजे शेती. लाल म्हणजे रस्ते, वाटा, घरं, वस्ती. काळ्यात नावं, हद्दी, रेल्वे आणि कोरडे ओढे. एवढं बसलं की यादीतलं ऐंशी टक्के चिन्ह पाहताक्षणी कोणत्या जातीचं आहे ते कळतं.

यातल्या कोरड्या ओढ्यावर जरा थांबतो, कारण तुम्ही पाण्याचं विचारलंय. ओढा काळ्या रेषेत असेल तर त्यात बारमाही पाणी नाही. सह्याद्रीत असे काळे ओढेच जास्त. जुलैत त्यातलाच एखादा तुम्हाला पलीकडे जाऊ देणार नाही, आणि डिसेंबरात त्यात भिजवायला रुमालभर पाणी मिळणार नाही. नकाशाला ऋतू नसतो, तो आपण मनात धरायचा. गडावरची पाण्याची टाकी एवढ्या प्रमाणात दिसतीलच असं नाही, त्यामुळे पाणी खालूनच भरून न्या.

अक्षरांपैकी 'आर एफ' म्हणजे राखीव जंगल, 'पी एफ' म्हणजे संरक्षित जंगल, 'पी ओ' म्हणजे पोस्ट ऑफिस, 'पी एस' पोलीस ठाणं, 'बी एम' म्हणजे तळचिन्ह, नेमकी उंची मोजून ठेवलेली खूण. तुम्ही विचारलेला '१२ आर' म्हणजे सापेक्ष उंची किंवा खोली. ती समुद्रसपाटीपासून मोजलेली नसते, आजूबाजूच्या जमिनीपासून मोजलेली असते. बांध, कड्याचा टप्पा, विहीर यांच्याशेजारी हा आकडा येतो. आणि त्रिकोणाशेजारचा आकडा मात्र समुद्रसपाटीपासूनचा, तो सर्वेक्षणाचा त्रिकोणमितीय बिंदू.

खरी मेहनत घ्यायची ती तपकिरी रेषांवर. यांना समोच्च रेषा म्हणतात. एका रेषेवरचे सगळे बिंदू सारख्याच उंचीवर असतात. १:५०,००० च्या शीटवर दोन लगतच्या रेषांमध्ये २० मीटरांचं अंतर असतं, आणि दर पाचवी रेषा जाड असते, म्हणजे जाड रेषा शंभर-शंभर मीटरांवर. गडावरच्या तारामती शिखराची उंची साधारणपणे १४२९ मीटर दिली जाते. म्हणजे तिथे १४०० ची जाड रेषा शिखराभोवती फिरेल, तिच्या आत १४२० चं लहानसं कडं, आणि त्याच्या आत रेषाच नाही. हे पेन्सिलनं एकदा स्वतः शोधा. मग टोलार खिंड शोधा. खिंड म्हणजे दोन बाजूंना उंचावत जाणाऱ्या रेषा आणि मधे चिंचोळी कंबर. त्या कंबरेतून एक लाल तुटक रेषा आरपार जाताना दिसेल, ती खिरेश्वरहून पलीकडच्या कोथळ्याला उतरणारी वाट. गडाकडे जाणारी वाट खिंडीतून पश्चिमेला, म्हणजे खिरेश्वरकडून येताना डावीकडे फुटते. हे घरी कागदावर पाहून ठेवलं असेल तर खिंडीतल्या वाघाच्या शिल्पापाशी टेकल्यावर तुम्हाला कुणाला विचारायची गरज पडणार नाही, आणि उताराच्या मोहानं कोथळ्याकडे निघून जाण्याची चूक होणार नाही.

रेषा इंग्रजी 'व्ही'सारख्या वळलेल्या दिसतील. टोक चढाकडे असेल तर ती नाळ किंवा ओढ्याची घळ. टोक उताराकडे असेल तर सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरत जाणारी धार. सुरुवातीला हे उलटं लक्षात राहतं. त्यावर माझी युक्ती साधी आहे, आधी निळ्या-काळ्या ओढ्याच्या रेषा रंगीत पेन्सिलनं गिरवायच्या. पाणी घळीतूनच वाहणार, त्यामुळे घळी आपोआप ठरतात आणि दोन घळींच्या मधे राहिली ती सोंड. मुलांना मी पहिल्या दिवशी एवढंच करायला लावतो. तासाभरात सपाट कागद वर उठून दिसायला लागतो.

मग रेषांची दाटी बघा. या प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. दोन रेषांत मिलिमीटरभर फट असेल तर ५० मीटर आडवं चालताना २० मीटर चढ, म्हणजे दमवणारा पण सरळ चढ. फट अर्ध्या मिलिमीटरवर आली की हात टेकायची वेळ येते. आणि रेषा एकमेकींना चिकटून तपकिरी पट्टाच झाला की तो कडा. कोकणकडा शीटवर असाच दिसतो. आपला डोंगर बेसॉल्टच्या थरांचा. म्हणून इथे एकसारखा उतार क्वचित मिळतो. रेषांचा दाट गठ्ठा, मग मोकळी जागा, मग पुन्हा गठ्ठा, असंच चालतं. मोकळी जागा म्हणजे पदर. वाटा बहुधा पदरावरून आडव्या जातात आणि गठ्ठा जिथे सैल पडतो तिथूनच वर चढतात. कागदावर वाट छापलेली नसली तरी ती कुठून असू शकते याचा अंदाज यावरून बांधता येतो.

मात्र या रेषा काय लपवतात ते माहीत असायला हवं. दोन रेषांत २० मीटर असतात. म्हणजे पंधरा मीटरचा उभा कातळटप्पा दोन रेषांच्या मधे सहज दडून बसतो आणि नकाशावर तिथे काहीच दिसत नाही. टोलार खिंडीवरच्या चढात रेलिंग लावलेला कातळटप्पा आहे. ते रेलिंग नकाशात सापडणार नाही आणि रेषांवरून तो टप्पा एवढा उभा आहे हेही नीट कळणार नाही. तीच गोष्ट त्यानंतरच्या 'सात टेकड्यां'ची. टप्पा चढून गेल्यावर गडावरच्या देवळापर्यंत चढउतार करत जी चाल आहे, ती कागदावर जवळपास सपाट वाटते, कारण लहान उंचवटे रेषेत धरलेच जात नाहीत. लोक वैतागतात ते तिथेच, आणि अंधार झाला तर चुकतातही तिथेच.

चिन्हांच्या आकाराबद्दलही एक सांगून ठेवतो. देवळाचं चिन्ह कागदावर दोन मिलिमीटरचं असलं तर ते जमिनीवर शंभर मीटर होतं, आणि एवढं मोठं देऊळ कुठेच नसतं. चिन्ह फक्त 'इथे आहे' एवढंच सांगतं. पायवाटेची लाल रेषाही तशीच, ती कुठून जाते याचा साधारण माग.

आता कडेचा मजकूर, जो कुणी वाचत नाही. सर्वेक्षण कोणत्या वर्षांत झालं ते तिथे लिहिलेलं असतं. तुमच्या मित्राकडची शीट सत्तरच्या दशकातल्या सर्वेक्षणावर बेतलेली असेल, तर खिरेश्वरजवळचं पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी तिच्यात दिसणार नाही. जिथे आज जलाशय आहे तिथे शेतं आणि वाटा छापलेल्या असतील. हे पाणी गडावरून दिसणारी सर्वांत ठळक खूण आहे, आणि नकाशात ती नसली की नवखा माणूस चक्रावतो. जिल्ह्याचं नावही त्यावर अहमदनगरच असेल. डोंगर आणि घळी पन्नास वर्षांत बदलत नाहीत, त्यामुळे जुनी शीट तपकिरी रेषांसाठी आजही उत्तम. रस्ते, वस्ती, पाणी, झाडी यांसाठी ताज्या उपग्रहचित्राशी ताडून बघायची. मी घरी बसून गूगल अर्थवर शीटचाच भाग उघडतो आणि बदललेल्या गोष्टी पेन्सिलनं कागदावर चढवतो.

शीट शोधायची कशी, हे तुम्ही ओझरतं विचारलंय, पण ते शिकून घ्या, मग मित्रावर अवलंबून राहावं लागणार नाही. भारताचे चार अंश बाय चार अंशांचे मोठे चौकोन पाडलेले आहेत. त्यातला ४७ क्रमांकाचा चौकोन १६ ते २० उत्तर अक्षांश आणि ७२ ते ७६ पूर्व रेखांश यांच्यामधला, म्हणजे पश्चिम महाराष्ट्राचा बराचसा भाग. त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग, ए ते पी. मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू होते आणि खाली जाते, मग पुढचा स्तंभ. प्रत्येक भागाचे पुन्हा त्याच क्रमानं सोळा तुकडे. हरिश्चंद्रगड साधारण १९ अंश २३ मिनिटं उत्तर, ७३ अंश ४७ मिनिटं पूर्व. हिशेब केला की ४७ ई/१५ येतं. कळसूबाई त्याच पद्धतीनं ४७ ई/१० मध्ये, पुणे शहर ४७ एफ/१४ मध्ये. कोकणकड्याच्या पश्चिमेला थोडं गेलं की तुमच्या शीटची कड संपते आणि ४७ ई/११ सुरू होते. राजगडाचं तर विचारू नका, १८ अंश १५ मिनिटांची रेषा त्याच्या जवळूनच जाते, त्यामुळे तोरणा-राजगड करणाऱ्याला दोन शीटा जोडूनच न्याव्या लागतात. कडेवर आलेला गड दिसला की शेजारची शीटही घ्यायचीच.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर संरक्षणासाठी वेगळी आणि सर्वसामान्यांसाठी वेगळी, अशा दोन मालिका झाल्या. आपल्यासाठी 'ओपन सीरिज'. ही सर्व्हे ऑफ इंडियाच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी करून पीडीएफ स्वरूपात मिळते. तिचे क्रमांक वेगळ्या पद्धतीचे असतात, पण शोधताना जुना क्रमांकही उपयोगी पडतो. शिवाय अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागानं पन्नासच्या दशकात काढलेले भारताचे १:२,५०,००० चे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानं संकेतस्थळावर ठेवलेले आहेत. चालायला ते निरुपयोगी, पण अख्खी रांग एका नजरेत बघायला मला आवडतात. ओपनस्ट्रीटमॅपवर ट्रेकर मंडळींनीच पायवाटा चढवलेल्या आहेत. लोकप्रिय गडांच्या बाबतीत त्या टोपोशीटपेक्षा ताज्या असतात, आडवाटेला मात्र एकाच माणसाच्या चुकलेल्या ट्रॅकवर उभ्या असू शकतात. तलाठ्याकडचा गावनकाशा चालेल का, या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. तो गट नंबर आणि बांध दाखवतो, चढउतार नाही.

जुन्या आणि नव्या मालिकेत एक फरक जीपीएसवाल्यांनी लक्षात ठेवायचा. अक्षांश-रेखांश कोणत्या चौकटीवर मोजायचे ते ठरवणारी एक संदर्भप्रणाली असते. जुन्या शीटा एव्हरेस्ट संदर्भप्रणालीवर आहेत, तुमचा फोन डब्ल्यूजीएस-८४ वर. जुन्या शीटवरून अक्षांश-रेखांश वाचून फोनमध्ये टाकले तर आपल्या भागात शंभरेक मीटरांची सरक पडते. कागदावर ती दोन मिलिमीटर. पठारावर फरक पडत नाही, कड्याजवळ पडतो. ओपन सीरिज डब्ल्यूजीएस-८४ वरच आहे, म्हणून निवड करता येत असेल तर तीच घ्या.

आणि रेंजचा गैरसमजही दूर करतो. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही, त्याचे संकेत थेट उपग्रहाकडून येतात. रेंज लागते ती नकाशाचं चित्र डाउनलोड करायला. ते घरून ऑफलाइन घेतलं तर विमान मोडवरही फोन तुमची जागा दाखवतो, बॅटरीही टिकते. खोल घळीत आकाश कमी दिसतं आणि कातळावरून संकेत परावर्तित होतात, तिथे ठिपका नाचतो. त्या वेळी कागदच कामाला येतो. चौघांत कागदाची एक प्रत पुरत नाही, दोन तरी वेगवेगळ्या सॅकमध्ये ठेवा.

प्रत्यक्ष डोंगरात कागद वापरताना आधी तो जमिनीला लावून घ्यायचा. होकायंत्रानं उत्तर बघा आणि नकाशा फिरवून त्याची उत्तर तिकडे करा. परदेशी पुस्तकांत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातल्या फरकावर पानंच्या पानं असतात. महाराष्ट्रात तो फरक एका अंशाच्या आतला आहे, सोडून द्या. मग दोन ठळक गोष्टी ओळखा, एक जवळची आणि एक लांबची. खिरेश्वरातून निघताना मागे धरणाचं पाणी आणि समोर खिंडीची खाच, एवढं पुरेसं आहे. दर अर्ध्या तासानं कागदावर अंगठा जिथे असायला हवा तिथे आहे ना ते बघा. हरवल्यावर नकाशा उघडणाऱ्याला नकाशा फारशी मदत करत नाही. तो हरवण्याआधीपासून उघडा असावा लागतो.

वेळेचा अंदाज कसा काढायचा, हेही तुम्ही विचारलंय. १८९२ साली नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं दिलेला ठोकताळा आजही वापरतात. दर पाच किलोमीटर चालीला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. दोऱ्यानं अंतर मोजा, वाट किती जाड रेषा ओलांडते ते मोजून चढ काढा, बेरीज करा. सह्याद्रीत, पाठीवर सॅक आणि गटात नवखे असताना, मी त्या बेरजेची दीडपट धरतो. तुमच्यातलं कुणी पहिल्यांदाच येत असेल तर दुप्पट. उन्हाळा असता तर निघायची वेळच बदलायला सांगितली असती. हे सगळं तुमच्या दमावर आणि सोबत्यांवर अवलंबून आहे, आकडा देऊन मी तुम्हाला बांधणार नाही. पण हिशेबात पोहोचायची वेळ सूर्यास्ताच्या दोन तास आधी येत नसेल तर खिरेश्वरातून लवकर निघा किंवा तिथेच मुक्काम करा.

एक सवय मात्र लावून घ्या. गावात पोहोचल्यावर नकाशा उघडून कुणा मामांना वाट विचारू नका, त्यांना त्या कागदाशी काही देणंघेणं नसतं. 'खिंडीतली वाट चालू आहे का, गुरं वर जातात का, मधे पाणी आहे का' असं विचारा आणि उत्तर कागदावर लिहून ठेवा. ज्या वाटेनं ढोरं जातात ती वाट जिवंत असते. शीटवर लाल रेषा आहे, पण गावात कुणी दोन-तीन वर्षांत तिकडे फिरकलेलं नाही, अशा वाटा सह्याद्रीत ढिगानं आहेत. करवंदीच्या जाळ्या त्या सहज गिळतात.

राहिला तुमचा कोपऱ्यातला प्रश्न. उतरताना नळीच्या वाटेनं कोकणकड्याच्या पायथ्याच्या बेलपाड्याला जावं का, कारण नकाशावर ती अगदी जवळ दिसते. जवळ दिसते कारण नकाशा वरून बघतो. तिथल्या तपकिरी रेषा मोजायला घ्या, भिंगाखालीही त्या सुट्या होणार नाहीत. ती वाट दोराचं सामान, जाणकार सोबती आणि बेलपाड्याचा वाटाड्या यांच्यासह, आणि शक्यतो चढताना करायची असते. या खेपेला आल्या वाटेनं खिरेश्वरला उतरा, किंवा गाडीची सोय होत असेल तर गडाच्या पायथ्याच्याच पाचनई गावाला. पाचनईची वाट त्याच शीटवर आहे, तिच्यावरच्या रेषा बऱ्याच सैल आहेत, आणि सरावाला म्हणून ती आधी स्वतः वाचून बघता येईल.